सॉफ्टवेअरच्या एएमसीचा हिशोब: बिल वाढलं की दर वाढला?

मार्च उजाडला की सॉफ्टवेअर रिन्यूअलची, म्हणजे एएमसी (वार्षिक देखभाल करार) आणि सबस्क्रिप्शनची, कोटेशनं यायला लागतात. ती मालकांच्या टेबलावर जातात आणि वरून एकच प्रश्न खाली येतो: "यंदा एवढं कसं काय वाढलं?" ज्याच्याकडे मागच्या चार-पाच वर्षांचा नीट हिशोब असतो तो दोन मिनिटांत उत्तर देतो. बाकीचे वेंडरला फोन लावतात आणि तो जे सांगेल तेच वर पाठवतात.

तुम्ही अकाउंट्सला असाल, स्टोअर-परचेस बघत असाल, किंवा "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, मग हेही तूच बघ" म्हणून ही फाईल तुमच्या गळ्यात पडली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी भोसरी एमआयडीसीत डाय-मोल्डच्या कारखान्यात हे काम बघतो, म्हणून उदाहरणं कॅड-कॅम (डिझाईन आणि मशीनिंगचं सॉफ्टवेअर), टॅली, अँटीव्हायरस, फायरवॉल यांची येतील. आर्किटेक्टचं ऑफिस असो, हॉस्पिटल असो की सीए फर्म, रीत हीच.

पुढचं सगळं एका आकड्याभोवती फिरणार आहे: एका सीटचा (म्हणजे एका युजरच्या लायसन्सचा), बारा महिन्यांचा, जीएसटी वगळून पडलेला दर. यंदाचं एकूण बिल आणि गेल्या वर्षीचं एकूण बिल शेजारी ठेवलं तर वाढ दिसते, वाढीचं कारण दिसत नाही.

सुरू करण्याआधी हे जमवा

- प्रत्येक सॉफ्टवेअरचं मूळ खरेदीचं बिल
- त्यानंतरच्या प्रत्येक रिन्यूअलचं टॅक्स इनव्हॉइस, कोटेशन आणि आपली पीओ (परचेस ऑर्डर)
- लायसन्स सर्टिफिकेट किंवा कंपनीच्या पोर्टलवरचं कॉन्ट्रॅक्टचं पान (सीरियल नंबर, सीटची संख्या, संपण्याची तारीख)
- करारपत्र असेल तर ते, निदान रिन्यूअल आणि नोटीस पीरियडची पानं
- एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस कॅल्क, जे येत असेल ते. यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. त्याचंही रिन्यूअल येतं.

## १. जुनी बिलं शोधा

मागची पाच वर्षं पुरेत. कंपनी कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रं आठ वर्षं ठेवावी लागतात, त्यामुळे बिलं कुठेतरी असतातच. प्रश्न असतो तो सापडण्याचा.

टॅलीत वेंडरचं लेजर उघडा आणि ऑल्ट एफ-टू दाबून कालावधी पाच वर्षांपर्यंत मागे न्या. दरवर्षी डेटा स्प्लिट करत असाल तर प्रत्येक वर्षाची कंपनी वेगळी उघडावी लागेल. इथे पहिला वैताग येतो. नॅरेशनमध्ये "बीइंग अमाउंट पेड टुवर्ड्स सॉफ्टवेअर" एवढंच लिहिलेलं असतं. कोणतं सॉफ्टवेअर, किती सीट, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, यातलं काहीच नाही. शिवाय "कॉम्प्युटर मेंटेनन्स" या एकाच लेजरमध्ये प्रिंटरचा टोनर, कीबोर्ड, सीसीटीव्हीवाल्याची व्हिजिट आणि सात लाखांची कॅडची एएमसी गुण्यागोविंदाने नांदत असतात. आतापासून "सॉफ्टवेअर रिन्यूअल" असं वेगळं लेजर काढा. जुन्या नोंदी बदलत बसू नका, ऑडिट झालेल्या वर्षांना हात लावायचा नाही.

बिल हरवलं असेल तर जीएसटी पोर्टल कामाला येतं. जीएसटीआर-टूबीमध्ये त्या महिन्यातली पुरवठादारांची बिलं जीएसटी नंबरनुसार दिसतात: बिल नंबर, तारीख, करपात्र रक्कम, कर. एवढं हातात आलं की वेंडरकडून डुप्लिकेट मागवणं सोपं जातं. टूबी २०२० च्या ऑगस्टपासून आहे. परदेशी कंपनीकडून थेट कार्डाने घेतलेली सबस्क्रिप्शन्स त्यात दिसणार नाहीत. ती क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमधून शोधावी लागतात.

एक पथ्य पाळा: रक्कम बँक स्टेटमेंटवरून उचलू नका. बिल १,००,००० अधिक १८,००० जीएसटी असेल आणि मूळ रकमेवर दोन टक्के टीडीएस कापला असेल, तर बँकेतून १,१६,००० गेलेले दिसतात. दहा टक्के कापला असेल तर १,०८,०००. एकाच बिलाचे तीन आकडे होतात आणि वर्षावर्षाच्या तुलनेचा बट्ट्याबोळ होतो. नेहमी बिलावरची करपात्र रक्कमच घ्या. टीडीएस कुठल्या दराने कापायचा, हे तुमच्या सीएला ठरवू दे.

## २. नेमकं काय घेतलंय ते ओळखा

"रिन्यूअल" या एका शब्दाखाली तीन वेगळे प्रकार येतात. पैसे भरले नाहीत तर काय होतं, यावरून ते ओळखायचे.

कायमचं लायसन्स आणि त्यावरची एएमसी हा जुना प्रकार. एएमसी भरली नाही तरी सॉफ्टवेअर चालत राहतं. नवी आवृत्ती आणि सपोर्ट मिळत नाही. टॅलीप्राइमची टीएसएस (टॅली सॉफ्टवेअर सर्व्हिसेस) याच जातीतली. ती संपली म्हणून टॅली बंद पडत नाही, पण त्यानंतर आलेली रिलीज वापरता येत नाही. कागदोपत्री हा खर्च ऐच्छिक आहे. जीएसटीच्या नियमांत बदल झाला आणि नव्या रिलीजची गरज पडली की तो किती ऐच्छिक आहे ते कळतं.

दुसरा प्रकार सबस्क्रिप्शनचा. मुदत संपली की सॉफ्टवेअरच उघडत नाही. इथे "रिन्यू करायचं का?" हा प्रश्न खरं तर "हे सॉफ्टवेअर वापरायचं का?" असा असतो.

तिसरा फसवा. फायरवॉल आणि अँटीव्हायरस मुदत संपल्यावरही चालू दिसतात. बॉक्सवरचे दिवे लुकलुकत असतात, टास्कबारवर आयकॉन असतो, पण नव्या व्हायरसची माहिती खाली उतरत नाही. म्हणून कोणाची तक्रार येत नाही, आणि म्हणूनच याच्या तारखा सगळ्यात जास्त चुकतात.

एएमसीचा दर साधारण किती असतो? मोठ्या कंपन्यांचे आकडे जाहीर आहेत. ओरॅकलचा वार्षिक सपोर्ट लायसन्सच्या निव्वळ किमतीच्या २२ टक्के असतो. एसएपीमध्ये स्टँडर्ड सपोर्ट १९ टक्के, एंटरप्राइज २२ टक्के. २२ टक्क्यांनी सुरुवात केली आणि दरवर्षी ५ टक्के वाढ धरली, तर पाच वर्षांत मूळ किमतीच्या जवळजवळ १२२ टक्के रक्कम नुसत्या सपोर्टवर जाते. खरेदीच्या वेळी दोन-तीन टक्के डिस्काउंटसाठी तासभर बोलणारे लोक एएमसीच्या टक्क्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, याचं मला कायम नवल वाटतं.

## ३. दोन शीट बनवा

पहिली शीट "काय आहे". एका सॉफ्टवेअरला एक ओळ: नाव, वेंडर, प्रकार (वरच्या तिनांपैकी), कॉन्ट्रॅक्ट नंबर, सीट, कोण वापरतं, खरेदीची तारीख आणि किंमत, नोटीस पीरियड, आणि पोर्टलवर कोणाचा ईमेल नोंदवलेला आहे ते.

हा शेवटचा रकाना फालतू वाटेल, पण तोच आधी भरा. लायसन्स ज्या डिझाईन इंजिनिअरच्या ईमेलवर नोंदवलं होतं तो नोकरी सोडून चाकणला गेला, त्याचा मेलबॉक्स बंद झाला, आणि रिन्यूअलच्या सगळ्या सूचना त्या बंद मेलबॉक्सवर जात राहिल्या: हे बहुतेक कारखान्यांत कधी ना कधी घडतंच. कंपनीचा एक सामायिक ईमेल बनवा आणि सगळी लायसन्स त्यावर हलवून घ्या. वेंडर लेटरहेडवर पत्र मागेल, द्या.

दुसरी शीट "काय भरलं". इथे प्रत्येक बिलाला एक ओळ. रकाने असे:

- सॉफ्टवेअरचं नाव
- बिल नंबर आणि तारीख
- मुदत कधीपासून, कधीपर्यंत
- महिने
- सीट
- करपात्र रक्कम
- जीएसटी
- त्या दिवशीचा डॉलरचा दर
- एका सीटचा वार्षिक दर
- शेरा

वार्षिक दर सूत्राने काढा: करपात्र रक्कम भागिले सीट, भागिले महिने, गुणिले बारा. मुदत अर्धवट महिन्यांची असेल तर दिवसांनी करा. दिवस मोजताना शेवटच्या तारखेतून पहिली वजा करून त्यात एक मिळवायचा, नाहीतर एक दिवस कमी भरतो.

या शीटचा एकच कडक नियम: जुनी ओळ पुसायची नाही. मागच्या वर्षीच्या आकड्यावर यंदाचा आकडा टाईप करायची सवय ऑफिसात सगळ्यांना असते. तसं केलं की शीट कायम अद्ययावत दिसते आणि इतिहास मात्र शून्य.

भरताना दोन जागी थांबून बघा. बऱ्याच बिलांवर "सबस्क्रिप्शन रिन्यूअल, १ नग" असं छापलेलं असतं आणि तो एक नग म्हणजे दहा युजर असतात. खरी संख्या कोटेशनमध्ये किंवा पोर्टलवर सापडते. आणि नव्या लायसन्ससोबत पहिल्या वर्षाची एएमसी बहुधा त्याच बिलात गुंडाळलेली असते. ती वेगळी काढली नाही तर पहिलं वर्ष फुकटात मिळाल्यासारखं दिसतं आणि दुसऱ्या वर्षी उगाच धक्का बसतो. फोड बिलावर नसेल तर वेंडरकडून ईमेलवर लिहून घ्या.

वर्षाच्या मध्ये जोडलेल्या सीटनाही स्वतंत्र ओळ द्या. ऑक्टोबरात घेतलेल्या दोन सीट ३१ मार्चपर्यंतच्या असतील तर महिने सहा.

## ४. वाढीची फोड करा

आता खरं काम. समजा एका कॅड सॉफ्टवेअरची चार वर्षांची नोंद अशी आहे (आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, जीएसटी वगळून):

- २०२१-२२: ८ सीट, १२ महिने, ४,१६,००० रुपये
- २०२२-२३: ८ सीट, १२ महिने, ४,३६,८०० रुपये
- २०२३-२४: १० सीट, १२ महिने, ५,७३,३०० रुपये
- २०२४-२५: १० सीट, १५ महिने, ७,६८,७५० रुपये

लेजर बघणाऱ्याला काय दिसतं? तिसऱ्या वर्षी ३१ टक्के वाढ, चौथ्या वर्षी आणखी ३४ टक्के. वेंडर लुटतोय, दुसरा बघा, असा निरोप वरून येणार हे नक्की.

आता एका सीटचा वार्षिक दर काढा. ५२,०००, मग ५४,६००, मग ५७,३३०, मग ६१,५००. म्हणजे दरवाढ ५ टक्के, ५ टक्के आणि शेवटी ७.३ टक्के.

तिसऱ्या वर्षी बिल १,३६,५०० रुपयांनी वाढलं. त्यातले १,०९,२०० दोन नव्या सीटचे (जुन्या दराने), आणि फक्त २७,३०० दरवाढीचे. सीट आपणच मागितल्या होत्या, त्याबद्दल वेंडरशी भांडण्यात अर्थ नाही.

चौथ्या वर्षी वाढ १,९५,४५० ची. इथे वेंडरने सगळ्या करारांची तारीख ३० जूनला आणण्यासाठी पंधरा महिन्यांचं बिल केलं. जास्तीच्या तीन महिन्यांचे नव्या दराने १,५३,७५० झाले. उरलेले ४१,७०० ही खरी दरवाढ. ३४ टक्क्यांवर आरडाओरडा केला तर वेंडर शांतपणे "सर, पंधरा महिने आहेत" म्हणेल आणि विषय संपेल. ७.३ टक्के कुठून आले, दोन वर्षं तर ५ च होते, असं विचाराल तर त्याला उत्तर शोधावं लागेल.

म्हणून शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक वर्षी वाढ कशाची ते लिहा: सीट, मुदत, दर, की डॉलर. चारच कारणं असतात. पाचवं कधीकधी निघतं: पॅकेज बदललेलं असतं. गेल्या वर्षी "स्टँडर्ड" होतं, यंदा कोटेशनमध्ये गुपचूप "प्रीमियम" आलं. प्रॉडक्ट कोड जुळवून बघा, नाव जुळवून भागत नाही.

## ५. डॉलरचं निमित्त तपासा

बहुतेक इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरच्या किंमती मुळात डॉलर किंवा युरोत ठरतात, आपल्याला मात्र पार्टनरकडून (त्यांच्या इथल्या विक्रेत्याकडून) रुपयांत बिल येतं. २०२० च्या सुरुवातीला डॉलर ७१ रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या अखेरीस ८५ च्या वर. म्हणजे तिकडे एक सेंटही न वाढता इथे वीस टक्के वाढ होऊ शकते. ही वाढ खरी आहे, तिच्यावर घासाघीस करून फार हाती लागत नाही.

पण "डॉलर वाढला" हे कारण जेव्हा तो वाढलेला नसतो तेव्हाही सांगितलं जातं. २०२२ च्या ऑक्टोबरपासून २०२३ च्या अखेरपर्यंत डॉलर ८१ ते ८३ रुपयांच्या आसपासच घुटमळत होता. त्या काळातल्या दोन रिन्यूअलमध्ये दहा टक्के फरक असेल आणि कारण डॉलर दिलं असेल, तर तारखा आणि दर समोर ठेवा. यासाठीच शीटमध्ये बिलाच्या दिवशीचा दर लिहायचा असतो. रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर वापरा, गूगलवर पहिला दिसेल तो नको.

जीएसटीचं थोडक्यात. १८ टक्के लागतो. पुण्याच्या पार्टनरचं बिल असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी ९-९, बंगळुरूहून आलं तर आयजीएसटी १८. इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत असेल तर तो खर्चात धरू नका. शाळा, ट्रस्ट, हॉस्पिटल यांना बहुधा क्रेडिट मिळत नाही, त्यांच्यासाठी तो खराच खर्च आहे. त्यांनी जीएसटीसह दुसरा दर काढावा. परदेशी कंपनीचं बिल थेट आपल्या कंपनीच्या नावाने असेल तर रिव्हर्स चार्जने जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो. कार्डाने गेलेल्या छोट्या डॉलर बिलांत हे हमखास राहून जातं आणि ऑडिटला निघतं.

## ६. खंड पाडायचा असेल तर आधी किंमत काढा

"एक वर्ष एएमसी भरूच नका, गरज पडली की चालू करू." असं सांगणारा एक तरी अनुभवी माणूस प्रत्येक कंपनीत असतो. कधीकधी तो बरोबरही असतो. पण आधी करारात परत चालू करण्याची अट वाचा. बऱ्याच कंपन्या मधल्या काळाचे पैसे मागतात, वर दंडही. ओरॅकलच्या धोरणात खंड पडलेल्या काळासाठी शेवटच्या वार्षिक सपोर्टच्या १५० टक्के दराने आकारणी आहे. सीट कमी केल्यावर उरलेल्यांचा दर नव्याने ठरवण्याची तरतूदही त्याच धोरणात आहे, म्हणजे दहाच्या सात सीट केल्या तरी बिल तीस टक्क्यांनी उतरेलच असं नाही.

हा प्रकार आता साध्या पीसीपर्यंत आला आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कंपन्यांना पुढे सुरक्षा अपडेट हवे असतील तर पहिल्या वर्षी एका मशीनला ६१ डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट: १२२, मग २४४. तीन वर्षांचे ४२७ डॉलर. पहिलं वर्ष सोडून दुसऱ्या वर्षी आलात तरी पहिल्याचे भरावे लागतात. शॉप फ्लोअरवर जुन्या मशीनला जोडलेले आठ-दहा पीसी असतील तर हा आकडा शीटमध्ये आजच टाका, आणि शेजारच्या रकान्यात नव्या पीसीची किंमत.

कंपनी धोरणच बदलते तेव्हा आपल्या हातात फारसं काही नसतं, पण चाहूल आधी लागते. ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमची लायसन्स विकणं बंद केलं आणि मेंटेनन्सचे दर २०१७ ला ५, २०१८ ला १० आणि २०१९ ला २० टक्क्यांनी वाढवले. हे आधीच जाहीर केलेलं होतं. तिन्ही एकत्र केले तर वाढ जवळजवळ ३९ टक्के होते, आणि २०२१ मध्ये तो मेंटेनन्स प्लॅनच संपला. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक सर्व्हर चालवण्याचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) घेतलं आणि डिसेंबरात कायमची लायसन्स व त्यांच्या सपोर्टची रिन्यूअल विक्री थांबवली. महिनाभरात. ज्यांच्या शीटमध्ये "पर्याय काय" हा विचार आधी केलेला नव्हता त्यांची धावपळ झाली. तुमच्याकडे कायमचं लायसन्स असेल आणि विकणारी कंपनी विकली गेल्याची बातमी आली, तर त्याच आठवड्यात वेंडरला लेखी विचारा.

## ७. सीट खरंच लागतात का ते मोजा

फ्लोटिंग लायसन्स (कोणा एकाच्या नावावर नसलेली, सगळ्यांत सामायिक सीट) असेल तर लायसन्स सर्व्हरच्या लॉगमध्ये कोणी कधी सीट घेतली आणि सोडली याची नोंद असते. तीन महिन्यांचा लॉग काढून एकाच वेळी जास्तीत जास्त किती सीट वापरात होत्या ते बघा. दहापैकी आठच्या वर आकडा कधी गेलाच नसेल, तर दोन सीटची एएमसी नुसती जातेय. उलटही होतं: सकाळी साडेनऊला सगळे एकदम लॉग-इन होतात आणि एकाला "लायसन्स नाही" म्हणून चहा प्यायला जावं लागतं.

नावावर दिलेल्या लायसन्ससाठी पोर्टलवर शेवटचा वापर दिसतो. नोकरी सोडून गेलेल्यांची नावं आधी काढा. ही यादी एचआरकडून मागवायची, डिझाईन हेडला विचारू नका. तो एकही सीट सोडायला तयार होत नाही.

## ८. तारखा आणि बोलणी

संपण्याच्या तारखेच्या ९० दिवस आधी पहिलं स्मरण, ६० दिवस आधी कोटेशन, ३० दिवस आधी पीओ. करारात आपोआप रिन्यू होण्याची अट असेल तर नोटीस पीरियडच्या आधीची तारीख वेगळ्या रंगात टाका. ती चुकली की पुढचं वर्ष बांधलं गेलं. स्मरण दोघांच्या कॅलेंडरमध्ये लावा.

कोटेशन मागताना मी साधारण असा ईमेल पाठवतो:

"आमच्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल अमुक तारखेला आहे. कृपया प्रत्येक प्रॉडक्टची वेगळी ओळ, प्रॉडक्ट कोड, सीटची संख्या, मुदतीच्या दोन्ही तारखा आणि जीएसटीशिवायचा दर असं कोटेशन द्यावं. गेल्या वर्षीचा प्रति सीट दर इतका होता. त्यात बदल असेल तर कारण लिहावं. सीट कमी केल्यास दर काय असेल तेही द्यावं."

शेवटच्या दोन वाक्यांनी कोटेशन थोडं खाली येतं, असा माझा अनुभव आहे. आपल्याकडे जुना दर आहे हे समोरच्याला कळलेलं बरं.

वेळेचाही फायदा घ्या. ऑटोडेस्कचं आर्थिक वर्ष ३१ जानेवारीला संपतं, ओरॅकलचं ३१ मे, मायक्रोसॉफ्टचं ३० जून, एसएपीचं ३१ डिसेंबर. वर्ष आणि तिमाही संपताना विक्रीवाल्यांना आकडे पूर्ण करायचे असतात. आपला मार्च त्यांच्यासाठी वर्षअखेर नसतो.

## ९. तीन वर्षांचं एकदम भरायचं का

ही ऑफर आज ना उद्या येतेच. समजा वार्षिक दर १,००,००० आहे आणि वेंडर म्हणतो, तीन वर्षांचे एकदम भरा, पाच टक्के सूट देतो: २,८५,०००. वर्षाला ६ टक्के वाढ धरली तर एरवी १,००,००० अधिक १,०६,००० अधिक १,१२,३६० असे ३,१८,३६० गेले असते. बचत ३३,३६०. आकडा छान दिसतो.

पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे पैसे आज जाणार आहेत. कंपनी ओव्हरड्राफ्टवर चालत असेल आणि व्याज ११ टक्के असेल, तर पुढच्या वर्षीच्या १,०६,००० ची आजची किंमत ९५,४९५ आणि त्यापुढच्या १,१२,३६० ची ९१,१९४. तिन्ही मिळून २,८६,६८९. म्हणजे खरी बचत सतराशेच्या आत. त्यासाठी तीन वर्षं सीट कमी करता येणार नाहीत हे बंधन घ्यायचं का, ते ठरवा. बँकेत पैसा पडून असेल किंवा वाढ ६ ऐवजी १०-१२ टक्के होण्याची चिन्हं असतील तर गणित बदलतं. टक्के बदलून शीटमध्ये दोन-तीनदा करून बघा.

घेतलंच तर दोन गोष्टी बघा. शीटमध्ये ती एक ओळ, महिने ३६, म्हणजे वार्षिक दर आपोआप बरोबर येतो. आणि अकाउंट्सला सांगा की पुढच्या दोन वर्षांचा भाग प्रीपेड खर्चात जायला हवा, नाहीतर यंदाचा नफा उगाच कमी दिसेल आणि पुढची दोन वर्षं सॉफ्टवेअर फुकट चालल्यासारखी दिसतील.

## १०. पुढच्या वर्षाचं बजेट

एवढी शीट तयार असली की बजेटला अर्धा तास पुरतो. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पहिल्या आणि शेवटच्या वार्षिक दरावरून सरासरी वाढ काढा. वरच्या उदाहरणात ५२,००० वरून ६१,५०० तीन वर्षांत, म्हणजे वर्षाला चक्रवाढीने ५.७५ टक्के. पुढच्या वर्षी सीट किती लागणार ते विभागाकडून लेखी घ्या, त्याला गुणा. डॉलरवाल्या सॉफ्टवेअरसाठी दोन आकडे द्या, आजच्या दराने आणि पाच टक्के महाग डॉलरने. वर पाठवताना एकूण रकमेशेजारी प्रति सीट दर ठेवाच, नाहीतर पुन्हा "एवढं कसं वाढलं" ऐकावं लागेल.

शीट कंपनीच्या ड्राइव्हवर ठेवा, स्वतःच्या लॅपटॉपवर नको. पोर्टलचे पासवर्ड शीटमध्ये लिहू नका. ते बंद पाकिटात किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा आणि कुठे आहेत ते आणखी एकाला माहीत असू द्या. लायसन्स सर्व्हर रविवारी बंद पडतो आणि सोमवारी सकाळी डिझाईनची सहा माणसं हातावर हात ठेवून बसलेली असतात, तेव्हा वेंडर सगळ्यात आधी कॉन्ट्रॅक्ट नंबर विचारतो. तो पहिल्या शीटच्या चौथ्या रकान्यात असेल.